शेपटी हलली, पण कशी

"तुह्या कुत्र्यानं शेपटी हलवली, पोचू. भुंकला नाई. मंग चोर बाहेरचा कसा?"

"कुत्र्याची शेपटी साक्ष देते काय, भाऊ? उद्या कोंबडा आरवला नाई तं तेही माह्याच अंगावर टाकशीन काय?"

"माहं कातडं कुठी हाय, तेवढं सांग."

"तुह्या कातड्याचं मी काय करू? पांघरू?"

हे भांडण धुरपतानं धानाच्या ढोलीमागे लपून ऐकलं. ढोली म्हणजे शेणानं लिंपलेली बांबूची मोठी कणगी, आणि तिच्यामागे मावेल एवढीच तेव्हा धुरपता होती. पोचू तिचा बाप. चैतू बापाचा थोरला भाऊ. चैतूनं सणाच्या ढोलासाठी बकऱ्याचं कातडं अंगणात ताणून वाळत घातलं होतं. सकाळी पाहतो तर कातडं नाही. पोचूचा कुत्रा काबऱ्या अंगणातच निजलेला होता. तो भुंकला नव्हता, आणि पोचू दारात आला तेव्हा त्यानं शेपटी हलवली. एवढ्यावरून चैतूनं ओळखलं की चोर घरचा आहे, आणि घरात तर दोनच भाऊ.

भांडण दुपारपर्यंत चाललं. संध्याकाळी चैतूनं बायको, कुऱ्हाड आणि कातड्याविना उघडा पडलेला ढोल घेतला आणि वैनगंगा ओलांडून पलीकडे निघून गेला. तो परत आला नाही. पोचूही बोलवायला गेला नाही. त्या वर्षी सणाला गावात ढोल वाजला नाही, आणि लोक दुसऱ्या गावचा ढोल ऐकून नाचले म्हणतात. कानात जरा लांबून, पण नाचले.

धुरपताच्या मनात मात्र एक गोष्ट अडकून राहिली. काबऱ्यानं शेपटी हलवली हे खरं होतं. तिनंही पाहिलं होतं. पण ती शेपटी मागच्या दोन पायांत घातलेली होती, पोटाला चिकटलेली, आणि नुसतं टोक थरथरत होतं, पाण्यातून काढलेल्या मासळीसारखं. दोघंही भाऊ दिवसभर 'शेपटी हलली, शेपटी हलली' म्हणून ओरडले. कशी हलली, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. आणि ढोलीमागच्या पोरीला कोण विचारणार?

पुढे धुरपता लग्न होऊन बोरटोल्याला आली. चामोर्शीपासून पायी दोनेक कोसांवर जंगलाच्या कडेला हा टोला, मोजकी घरं, पाण्याची एक बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बाकी सगळा साग, मोह आणि पळस. एक पोरगी झाली, चंदा. नवरा तापानं गेला. धुरपता राहिली ती धानाच्या बांध्या, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि एक कुत्री यांच्या भरवशावर. माणसांवर तिचा भरवसा नव्हता. माणसाचं तोंड त्याच्याच हातात असते, पाहिजे तसं तो ते चालवते, असं ती म्हणायची. शेपटी मात्र कुत्र्याच्याही हातात नसते.

कुत्रीचं नाव आकडी. तिची शेपटी जन्मापासून पाठीवर वळलेली, गळाच्या आकड्यासारखी. नवख्या माणसाला वाटायचं, ही सदा खुशीत, शेपटी सदा वर. धुरपता त्याला सांगायची की ही तिची बसती शेपटी आहे, मनात काही नसतानाची. वळण उलगडून शेपटी सरळ झाली की समजायचं, आकडीनं ती खाली केली. दुसऱ्या कुत्र्याला जे सरळ ते आकडीला खालचं. आधी कुत्र्याची बसती शेपटी कुठे असते ते पाहावं, मग ती चढली की उतरली ते म्हणावं.

एकदा बांगड्यावाला कासार टोल्यावर आला. आकडी दारात उभी. शेपटी उंच, आकडा घट्ट वळून ताठ, आणि टोक तेवढं भराभरा हलणारं.

"ओळखते मले," कासार हसून म्हणाला. "पाह्य, कशी शेपटी हलवून राह्यली."

"हात नोको लावू, भाऊ," धुरपता आतून म्हणाली.

कासारानं हात लावला. आकडीनं मनगटाला दात लावले, रक्त येईल न येईल एवढेच.

"अवं बाई, शेपटी हलवत होती ना! मंग चावली काऊन?"

"हलवली म्हंजे काय बोलावलं?" धुरपता म्हणाली. "तू बी बांगड्या वाजवते. म्हंजे काय फुकट देते?"

खरी आवभगत करायची तर आकडी कमरेपासून हलायची. शेपटी ढिली, इकडून तिकडे सगळा मागचा भाग डोलायचा, आकड्याचं वळण कधी या कुशीवर कधी त्या कुशीवर. ती आवभगत गावात चंदा, धुरपता आणि भूमिया सुकलू यांनाच मिळायची. भूमिया म्हणजे टोल्याचा म्होरक्या, देवाचंही पाहणारा आणि भांडणाचंही. धुरपताचं असंही म्हणणं होतं की घरच्या माणसाला पाहून शेपटी उजवीकडे जास्त जाते, परक्याला पाहून डावीकडे. यावर सुकलू पोट धरून हसायचा.

"उजवीकडं कोनाच्या वं? तुह्या का तिच्या?"

"तिच्या. शेपटी तिची हाय ना, सुकलूभाऊ."

जिल्हा तेव्हा चांद्याचा होता. मधे एकदा एक टोपीवाला माणूस येऊन सांगून गेला की आता आपण मध्य प्रदेशातले नाही, मुंबई राज्यातले झालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. धुरपताचं लक्ष आकडीच्या शेपटीकडे होतं. ती ताठ होती.

"असंल बी," धुरपता नंतर म्हणाली, "पन मानूस काई बरा वाटला नाई."

त्याच सुमाराला सुकलूनं लच्छूला आणलं. घरात पुरुषमाणूस नव्हतं, चंदा लग्नाला आलेली. अशा घरी लमसेना ठेवायची रीत आहे. म्हणजे होणारा जावई आधी सासूच्या घरी येऊन राबतो, नांगरतो, लाकडं फोडतो, आणि ठरलेले पावसाळे पुरे झाले की लग्न. मधेच काही वाईट दिसलं तर त्याला गाठोडं बांधून परत पाठवायचं. त्याची मेहनत गेली, आणि पोरीच्या नावाला डाग लागला तो वेगळाच. लच्छूसाठी तीन पावसाळे ठरले.

लच्छू लांबच्या गावचा, उंच, सावळा, बोलायला कंजूष. त्याच्या मागोमाग त्याचा कुत्रा आला. धुरपतानं सवयीनं आधी कुत्र्याची शेपटी पाहायला मान वाकवली.

शेपटी नव्हतीच. होता तो नुसता बोटभर खुंट.

"याचं नाव काय?" तिनं विचारलं.

"खुंट्या, आत्या."

"ते दिसूनच राह्यलं. शेपटी कुठी गेली?"

"बिबट्यानं तोडली," लच्छू म्हणाला आणि बैलाकडे वळला.

धुरपता त्या दिवशी जेवली नाही. बिनशेपटीचा कुत्रा म्हणजे तिला बिनतोंडाचं माणूस. तो खूश आहे की रागात, घाबरला की अंगावर येणार, काहीच कळायची सोय नाही. आणि अशा कुत्र्याचा मालक तिच्या पोरीचा नवरा होणार. दुसऱ्या दिवशी तिनं खुंट्याला भाताची पेज घातली आणि तो चाटत असताना वाकून खुंट नीट पाहिला. कातडी सरळ मिटलेली होती. बिबट्याचा दात असा सुरीसारखा सरळ चालत नाही.

थोड्या दिवसांनी चंदा हसत हसत सांगू लागली, "माय, खुंट्याची शेपटी म्हने लहानपनी दारात चेंगरली."

"तुले कोन सांगितलं?"

"त्यानंच."

"मले तं बिबट्या सांगितला."

चंदाचं हसू मावळलं. धुरपतानं मात्र मनात खूणगाठ बांधली. एका शेपटीच्या दोन गोष्टी. ज्याला कुत्र्याचं बोलणं लपवायचं असते तो शेपटी कापतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. चोराच्या कुत्र्यानं मालकाला पाहून शेपटी हलवली तर चोर सापडतो. बिनशेपटीचा कुत्रा मालकाला कधीच पकडून देत नाही.

तरी लच्छूच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. नांगराचं तास सरळ, बांध्यांचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, पक्के. रोवणीच्या चिखलात बाया थकल्या तरी तो पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या पोचवत राहायचा. बोलायचा फक्त बैलाशी आणि कधी कधी चंदाशी. धुरपता बसून पाहायची आणि काही सापडत नाही म्हणून तिचा संशय आणखी वाढायचा. इतकं चांगलं कोणी फुकट असते काय?

तिसऱ्या पावसाळ्यानंतर धान कापणीला आलं आणि कोंबड्या जाऊ लागल्या.

झाली सुरुवात अशी, की भिंतीला टेकवलेलं मुसळ पडून एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, त्याखाली चिरडली. धुरपतानं ती उकिरड्यावर टाकून दिली आणि विसरली. त्यानंतर आठवडाभरात एक कोंबडी गेली. मग दुसरी. लग्नात देवाला द्यायची, पाहुण्यांना घालायची म्हणून राखलेली ती कोंबडी होती. मुंगूस आलं असतं तर रक्त दिसलं असतं. परका माणूस आला असता तर आकडी भुंकली असती. आकडी भुंकली नाही.

एवढ्यावरून जे समजायचं ते शेजारच्या कलाबाईनं आधी समजून घेतलं. कलाबाईच्या घराची भिंत आणि धुरपताच्या सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, कुंपण एकच, म्हणून इकडचं तिकडे तिला फुकट ऐकायला मिळायचं.

"बाई, तुहा जवाई सकाळीच फावडं घेऊन तनसीच्या ढिगामागं काय करते?"

"बैलाले तनीस काढते."

"तनीस फावड्यानं काढतेत काय? मी दोनदा पाह्यलं. खड्डा बुजवून राह्यला होता."

त्या दिवसापासून धुरपतानं दुसरंही पाहायला सुरुवात केली. लच्छू जवळून गेला की आकडी पाठ वाकवायची, कान मागे टाकायची, पाठीवरचा आकडा पार उलगडून शेपटी खाली पायांत घालायची आणि नुसतं टोक हलवायची. गेल्या महिन्यापर्यंत ही शेपटी नव्हती. लच्छूनं तिला मारलं होतं, नक्की मारलं होतं, आणि तेही कोणी नसताना. का मारलं? तिनं काही पाहिलं म्हणून. काय पाहिलं? मग पुन्हा फावडं, पुन्हा खड्डा, पुन्हा कोंबड्या.

"माय, तू त्याले विचार ना," चंदा म्हणाली.

"विचारलं की सांगते काय? शेपटीचं दोघीनं विचारलं, दोन गोठी सांगितल्या. कोंबड्याच्या चार सांगंन."

"तू मानसाले विचारत नाई, शेपटीले विचारते."

"शेपटी खोटं बोलत नाई."

"हव, पन तू तिले नीट ऐकते काय?"

दुसऱ्या सकाळी धुरपता स्वतः सुकलू भूमियाकडे गेली आणि म्हणाली, पंच बसवा.

पंच धुरपताच्याच अंगणात बसले, सकाळची न्याहारी आटोपून, कोवळ्या उन्हात. सगळा टोला जमला. लच्छू मधे उकिडवा बसला, बाजूला खुंट्या. आकडी दाराच्या उंबऱ्यापाशी. चंदा आत उभी, पण कानाशिवाय बाकीचं सगळं आत.

कलाबाईनं फावड्याचं सांगितलं. सुकलूनं लच्छूला विचारलं, "खरं काय गा?"

"खरं हाय."

"काय बुजवत होता?"

लच्छू गप्प.

"खुंट्याची शेपटी कशानं गेली?"

लच्छू पुन्हा गप्प. मागून कोणीतरी म्हणालं, "बोलत नाई म्हंजे खाल्ल्या." दुसरा म्हणाला, "खुंट्यानं खाल्ल्या अन् यानं पिसं गाडली." एक जण कोंबडीचं पीस घेऊन आला आणि खुंट्याच्या नाकापुढे धरलं. खुंट्यानं ते हुंगलं आणि शिंकला.

"शिंकला! पाह्यलं काय?"

"अरे, शिंकला म्हंजे काय कबूल केलं?" सुकलू खेकसला. पण पंच आता उठायच्या बेतात होते. "पाह्य लच्छू, तोंड उघडत नसशीन तं आमी काय करनार? उद्या गाठोडं बांध. तीन पावसाळे राबला ते राबला. धुरपताबाई, तुह्या मनात काय हाय?"

आवाज चढले होते. लोक बोटं दाखवत होते. सगळ्यांचे डोळे लच्छूकडे आणि खुंट्याच्या खुंटाकडे, जणू त्या खुंटातून आता काही बाहेर पडणार होतं. धुरपता बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं जन्मभराच्या सवयीनं आपल्या कुत्रीकडे पाहिलं.

आकडीची शेपटी पोटाला चिकटलेली होती. टोक थरथरत होतं. तोंड तिनं भिंतीकडे फिरवलं होतं आणि ओठ चाटत होती. लच्छू तिच्यापासून लांब, पंचांच्या मधे बसलेला. मग ती कोणाला भीत होती?

आणि धुरपताला पन्नास वर्षांमागचं अंगण दिसलं. काबऱ्याची शेपटी. हीच, अशीच.

शेपटी भीती सांगते, हे तिला ठाऊक होतं. भीती कशाची, ते शेपटी सांगत नाही. ओरडणाऱ्या माणसांची असेल. काठीची असेल. तेवढ्यावर कोणाला धरून चालत नाही. पण आकडी उंबऱ्यावरून उठली, अंग चोरत भिंतीच्या कडेकडेनं निघाली आणि सांदवाडीकडे वळली.

"थांबा जरा," धुरपता म्हणाली आणि तिच्यामागे गेली.

तणसीच्या ढिगामागे आकडी थांबली, मालकिणीकडे पाहिलं आणि पोट वर करून लोळली. धुरपतानं तणीस ओढली. आत, कोरड्या जागी, तांबडी कोंबडी होती. आदल्या संध्याकाळी झाकलेली, सकाळी सगळ्यांच्या आधी खुराड्याचं दार ढकलून नेलेली. मान मोडलेली, अर्धी खाल्लेली. बाजूला जुनी पिसं, आणि मातीत लच्छूनं बुजवलेले खड्डे पंजानं पुन्हा उकरलेले.

धुरपता ढिगाशी खाली बसली.

सगळ्या जगावर तिनं संशय घेतला होता. कासारावर, टोपीवाल्यावर, जावयावर, त्याच्या मुक्या खुंटावर. एका आकडीवर घेतला नव्हता. आणि उकिरड्यावर चिरडलेली तलंग कोणी टाकली? तिनंच. चटक तिथूनच लागली.

अंगणात माणसं ओरडत होती. इथे तिच्याशिवाय कोणी नव्हतं. पदराखाली घेतलं असतं, ढीग पुन्हा सारखा केला असता, तर आकडीला कोणी हात लावला नसता. लच्छू उद्या गेला असता, कोंबड्या काही दिवस राखून ठेवल्या असत्या, आणि गावानं म्हटलं असतं की बाई हुशार, वेळेवर ओळखलं. आकडी तिच्याकडे पाहत होती आणि टोक हलवत होती.

मग धुरपतानं कोंबडी पदरात घेतली, अंगणात आली आणि सुकलूच्या पुढे टाकली.

"घ्या, सुकलूभाऊ. चोर सापडला. माह्याच घरचा हाये, चार पायाचा, अन् त्याले शेपटी बी हाये."

कलाबाईला खोकला आला.

"तुले मालूम होतं?" सुकलूनं लच्छूला विचारलं.

"हव."

"मंग काऊन सांगितलं नाई गा, मुक्या?"

लच्छूनं खुंट्याच्या पाठीवर हात ठेवला. तीन पावसाळ्यांत तो जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या वेळी बोलला. "आमच्या गावी कोंबडी खाल्ली की कुत्र्याची शेपटी कापतेत. खून राह्यते, म्हनून. कोंबड्या जात होत्या, लोकं म्हनाले, लच्छूचा कुत्रा. माह्यापुढंच कापली याची. दुसऱ्या दिवशी आनखीन एक कोंबडी गेली. मंग दिसलं, उदमांजर होतं." तो थांबला. "उदमांजर मारलं लोकाइनं. शेपटी थोडी उगवते?"

त्यानं खुंट्याला जवळ ओढलं.

"इथी येऊन खरं सांगितलं असतं तं पयल्या दिसापासून सारे याच्याकडंच पाह्यले असते. अन् आकडीचं सांगितलं असतं तं आत्यानं ऐकलं असतं काय? म्हनले असते, आपल्या कुत्र्याचं पाप हिच्यावर टाकते. मी तिच्यावर काठी उगारली, पिसं बुजवली. वाटलं, सुटंल चटक."

"मारली नाई?" धुरपतानं विचारलं.

"नाई, आत्या. उगारली."

मागून कोणीतरी म्हणालं की मग आता आकडीची शेपटी कापावी, खूण राहील. ते लच्छूच्या गावचं शहाणपण बोरटोल्यात पोचायला एवढाही वेळ लागला नाही. लच्छू उठून उभा राहिला. पण धुरपता त्याच्या पुढे आली.

"हिची शेपटी कापली तं मी बोलू कोनासंगं?" ती म्हणाली. "तुमच्यासंगं?"

सुकलू हसला आणि मग सगळे हसले, कलाबाई सोडून. ठरलं ते असं, की आकडीच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधावं, म्हणजे तिला कोंबडीमागे धावता येणार नाही. ओंडका लच्छूनंच तासला, आणि मानेला घासू नये म्हणून दोरीला फडकं गुंडाळलं. धुरपतानं ते पाहिलं.

तिनं लच्छूपुढे चुकलं असं म्हटलं नाही. तशी भाषा तिच्या तोंडाला नव्हती. पण त्या दुपारी तिनं खुंट्याला आधी भात घातला, आकडीच्याही आधी, आणि तो खाताना त्याच्याजवळ बसली. तेव्हा तिला प्रथम दिसलं की खुंट हलतो. भात संपत आला तशी खुंट्याची कंबर डोलू लागली, मांड्या डोलू लागल्या, आणि त्या बोटभर खुंटानं जेवढं हलायचं तेवढं तो हलला, आजूबाजूची सगळी पाठ घेऊन. तीन वर्षं तो असाच बोलत असला पाहिजे. ती जिथे शेपटी नव्हती तिथेच पाहत राहिली होती.

संध्याकाळी चंदानं विचारलं, "काय विचार करून राह्यली, माय?"

"काबऱ्यानं कातडं खाल्लं असंल काय, तेच."

"कोनतं कातडं?"

धुरपतानं चंदाला चैतू आणि पोचूचं ते जुनं भांडण सांगितलं. काबऱ्याची शेपटी पायांत होती. कातडं ताजं होतं, चरबी लागलेलं, कुत्र्यानं ओढून नेलं नसेलच असं कोण म्हणेल? गोठ्यामागे, तणसीखाली, कुठेतरी तुकडा पडलाही असेल. कोणी उठून पाहिलं नाही. दोन भाऊ तुटले आणि कुत्रा कदाचित पोट भरून निजला. किंवा नसेलही. काबऱ्या नुसता ओरडण्याला भ्यायला असेल आणि कातडं खरोखरच कोणी चोरलं असेल. आता विचारायला काबऱ्या नाही, बाप नाही, आणि नदीपलीकडचा काका आहे की नाही तेही माहीत नाही.

"तुले काय वाटते?" चंदा म्हणाली.

"मले कोनाचाच भरवसा वाटत नाई," धुरपता म्हणाली. "काबऱ्याचा बी नाई."

माघात चंदा आणि लच्छूचं लग्न झालं. कोंबड्या कमी पडल्या म्हणून सुकलूनं आपल्या घरच्या दिल्या, आणि कलाबाईनंही एक दिली, जरा म्हातारी. पाठवणी नव्हतीच, जावई घरातच होता. तरी धुरपतानं पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "मानूस बरा हाय. पन तोंड मिटून बसते. असा मानूस काय लपवते, ते त्याले बी मालूम नसते. ध्यान ठेवजो."

"हव माय," चंदा म्हणाली. हसली, पण लपून.

त्यानंतर आकडी लोढणं घेऊन घरीच राहिली आणि बाजाराच्या वाटेवर धुरपतासोबत खुंट्या जाऊ लागला. दर बाजाराला ती पत्रावळीचा भारा डोक्यावर घेऊन चामोर्शीला जायची, त्यावर मीठ, तेल आणि काय लागेल ते आणायची. वाटेत एक नाला लागतो. तिथे झाडी दाट, अस्वल पाण्याला येतं. पूर्वी तिथे ती आकडीच्या शेपटीकडे पाहून थांबायची. आता खुंटाकडे पाहून थांबायची. सवय व्हायला वेळ लागला, पण झाली.

लग्नानंतरचा पावसाळा सरला आणि धान पोटरीला आलं. त्या दिवसांतला एक बाजार तिचा शेवटचा ठरला. पुढल्या आठवड्यात ती अंथरुणाला लागली ती उठली नाही. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळं नेहमीसारखंच झालं.

सकाळी तिनं भारा बांधला. लच्छू म्हणाला, "आत्या, मी नेतो."

"तुले पत्रावळी मोजता येतेत काय? तो दुकानदार चार कमी म्हनते."

नाल्याच्या वळणावर खुंट्या थांबला. कान पुढे, पाठ सरळ, खुंट ताठ, जरासाही हलत नाही. धुरपता भारा डोक्यावर धरून उभी राहिली. झाडीत काहीतरी होतं किंवा नव्हतं. वाळलेलं पान वाजलं. खुंट्या हुंगत राहिला. मग त्याची पाठ ढिली पडली, खुंट एकदा इकडे एकदा तिकडे झाला, आणि तो पाण्यात उतरला. धुरपता मागून उतरली.

चामोर्शीला दुकानदार चार कमी म्हणालाच. तिनं त्याच्यासमोर पुन्हा मोजल्या. मीठ घेतलं, तेल घेतलं, चंदाला आवडतात म्हणून मुरमुऱ्याचे लाडू घेतले, आणि वाटेत एक लाडू मोडून अर्धा खुंट्याला दिला. ऊन उतरायच्या आत घरी आली. आकडी लोढणं ओढत दाराशी आली आणि कमरेपासून डोलली. धुरपतानं तिच्या आधी कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहिलं. कोंबड्या आत होत्या.

मग तिनं मिठाचा पुडा सोडला, बोट घालून जिभेवर ठेवलं, ओलं नाही ना आणि वाळू मिसळली नाही ना ते पाहिलं, आणि गाडग्यात ओतून झाकण ठेवलं.